बायरॅड्स शून्य ते रेडियल स्कार: थ्रीडी मॅमोग्राफीचा माझा अनुभव

साताऱ्यात केलेल्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीच्या, रिपोर्टखाली शेरा होता, ‘बायरॅड्स ०’. शून्य वाचून आमच्या घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तिथल्या डॉक्टरांनी मात्र लगेच समजावलं, “शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे. शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे. एवढ्या चित्रांवरून मी चांगलंही सांगू शकत नाही आणि वाईटही.” मग त्यांनी माझ्याच रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बायरॅड्सच्या, म्हणजे मॅमोग्राफीचा निकाल सांगण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, सगळ्या पायऱ्या लिहून दिल्या. १ म्हणजे स्वच्छ. २ म्हणजे काहीतरी आहे, पण निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांच्या आत. ४ म्हणजे संशय, आणि ही पायरी इतकी रुंद आहे की तिचे ए, बी, सी असे भाग करतात. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्के किंवा अधिक. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला. मॅमोग्राफीचा रिपोर्ट हातात आलेल्या प्रत्येक बाईला या पायऱ्या कुणीतरी अशा लिहून द्याव्यात, असं मला तेव्हापासून वाटतं.

माझं वय ४८. एका गावातल्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. पाळी अजून चालू आहे, हल्ली थोडी मागेपुढे होते. हाताला कुठे गाठ लागत नव्हती, दुखत नव्हतं. तरी तपासणी केली ती मावशीमुळे. आईच्या या धाकट्या बहिणीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला. गाठ हाताला लागली तेव्हा आजार काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता, आणि त्यानंतर ती फार वर्षं राहिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे की २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. असे आकडे वाचताना मला मावशीचा चेहरा दिसतो.

शून्य शेऱ्याची कारणं रिपोर्टमध्ये दोन होती. एक, डाव्या स्तनात, फक्त तिरक्या चित्रात, उजव्या बाजूशी न जुळणारा एक पांढुरका भाग दिसत होता. दुसरं कारण एका अक्षरात होतं: घनता ‘सी’.

स्तनात चरबी असते, दुधाच्या ग्रंथी असतात आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. क्ष-किरणांच्या चित्रात चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. ग्रंथी-तंतूंचं प्रमाण किती, यावरून ए ते डी अशी चार अक्षरं देतात. ‘ए’ म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, ‘डी’ म्हणजे अतिशय घन. हाताला घट्ट लागतं की मऊ, यावरून ही घनता कळत नाही, ती चित्रावरच कळते. अडचण अशी की कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर ती उठून दिसते, पांढऱ्यावर हरवते. शिवाय साधी मॅमोग्राफी म्हणजे स्तनाच्या सगळ्या जाडीची एकाच प्रतलावर पडलेली सावली. वरचा तंतू आणि खालची ग्रंथी त्या सावलीत एकमेकांवर येतात. कधी त्यांतून नसलेली गाठ तयार होते, कधी असलेली गाठ झाकली जाते.

घन स्तन हा काही रोग नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या स्त्रिया ‘सी’ किंवा ‘डी’ गटात येतात. तरुण वयात घनता जास्त असते, आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे आपल्या बायकांच्या बाबतीत हे पांढऱ्यावर पांढरं जास्त वेळा घडणार. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला स्त्रीला तिच्या घनतेबद्दल लेखी कळवावंच लागतं. माझ्या रिपोर्टवर ते अक्षर होतं, पण डॉक्टरांनी बोट ठेवलं नसतं तर माझ्या नजरेत ते भरलं नसतं.

“पुण्याला जाऊन थ्रीडी करून घ्या. टोमोसिंथेसिस म्हणतात तिला. आणि या फिल्म न विसरता बरोबर न्या,” असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली.

आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. मी खिडकीशी, हे शेजारी, मांडीवर फिल्मचं मोठं पाकीट. आदल्या रात्री ही टोमोसिंथेसिसची पद्धत वाचून काढली होती, पण ती खऱ्या अर्थाने कळली त्या खिडकीत. रस्त्याकडेचे विजेचे खांब झरझर मागे पळत होते, शेतातली झाडं जरा सावकाश, आणि लांबचे डोंगर जवळजवळ जागेवरच. एकाच जागी बसून पाहिलं तर खांब आणि त्यामागचं झाड एकमेकांवर आलेलं दिसतं. गाडी थोडी पुढे सरकली की दोघं सुटे होतात, आणि कोण किती सरकलं यावरून जवळचं कोण, लांबचं कोण हेही कळतं. टोमोसिंथेसिसमध्ये हेच करतात. स्तन स्थिर राहतो, क्ष-किरणांची नळी त्याच्यावरून कमानीत सरकते आणि सरकता सरकता कमी मात्रेची अनेक चित्रं घेते. कंपनीनुसार ही कमान १५ अंशांपासून ५० अंशांपर्यंत असते आणि चित्रं ९ पासून २५ पर्यंत. कुठल्या खोलीवरची वस्तू चित्रागणिक किती सरकली याचा हिशेब संगणक करतो आणि साधारण एक-एक मिलिमीटर अंतरावरचे काप उभे करतो. दाबलेल्या स्तनाची जाडी ५ सेंटिमीटर असेल तर पन्नासेक काप. वरचं वर, खालचं खाली.

असं पहिलं यंत्र अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०११ मध्ये मान्य केलं. त्याच्या मागे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॅनियल कोपान्स यांच्या गटाचं, १९९० च्या दशकापासूनचं काम होतं. म्हणजे मावशीच्या आजारपणात ही गोष्ट प्रयोगशाळेत होती. असल्या तारखा मी उगाच जुळवत बसते.

केंद्रावर आधी एक फॉर्म भरायचा होता. शेवटची पाळी कधी आली, मुलं किती, अंगावर पाजलं का, हार्मोनच्या गोळ्या घेतल्या का, आधी कधी सुई घालून तपासणी झाली का, घरात कुणाला हा आजार होता. दिवस राहिलेले नाहीत ना, हेही विचारतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन हुळहुळे असतात म्हणून शक्यतो पाळी संपल्यानंतरच्या दिवसांतली वेळ घ्यावी, असं फोनवरच सांगितलं होतं. ते ऐकल्याचा मला खूप फायदा झाला.

आत तंत्रज्ञ मुलगी होती, माझ्या मोठ्या मुलीच्या वयाची. “मॅडम, पावडर किंवा डिओ लावलाय का?” लावला नव्हता, तरी तिने ओल्या कापडाने काखा आणि स्तनाखालचा भाग पुसायला लावला. डिओमधल्या ॲल्युमिनियमचे आणि पावडरचे कण चित्रात पांढरे ठिपके म्हणून उमटतात. कॅल्शियमचे बारीक कण हेही सुरुवातीच्या कॅन्सरचं एक लक्षण असल्यामुळे घोटाळा होतो. मग ती म्हणाली, “मंगळसूत्र काढावं लागेल हं.” मी ते रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं. बाहेर बसलेल्या एक आजी याच कारणाने अडून बसल्या होत्या. त्या मुलीने त्यांचं मंगळसूत्र त्यांच्याच मुठीत दिलं आणि मूठ मिटून धरायला सांगितली. हे सुचायला माणूस चांगलं असावं लागतं.

कमरेवरचे कपडे काढून पुढून उघडणारा गाऊन घालायचा. साडी किंवा सलवार-कमीज असेल तर सोयीचं, अख्खा पायघोळ ड्रेस घालून जाऊ नये.

दाबण्याबद्दल बायका एकमेकींना फार घाबरवतात, म्हणून जसं झालं तसं सांगते. खालचा सपाट भाग गार लागतो. तंत्रज्ञ दोन्ही हातांनी स्तन पुढे ओढून त्यावर ठेवते, वरून पारदर्शक प्लेट खाली येते. “खांदा सैल सोडा. मान तिकडे वळवा. हनुवटी वर.” यंत्रावर दाबाचा आकडा न्यूटनमध्ये दिसत होता आणि शंभराच्या पुढे गेला होता. घट्ट चिमटल्यासारखं दुखलं, तिरक्या चित्राच्या वेळी काखेजवळ जरा जास्त. पण ते काही सेकंदच. थ्रीडी आहे तर दाबायचं कशाला, हा माझा प्रश्न. त्या मुलीने न कंटाळता उत्तर दिलं: दाबल्याने जाडी कमी होते, म्हणून किरण कमी लागतात, आतले भाग पसरतात, आणि स्तन हलत नाही. नळी सरकत असताना स्तन जरासा जरी हलला तरी सगळे काप पुसट येतात. दाबल्याशिवाय चांगलं चित्र मिळत नाही हे उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवून दिलं होतं, आणि थ्रीडीनेही त्यातून सुटका केलेली नाही.

“श्वास रोखा,” आणि माझ्या डोक्याशेजारून यंत्राचा हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत गेला. बारीक टकटक ऐकू येत होती. “सोडा श्वास.” प्लेट आपोआप वर गेली. दोन्ही बाजूंची वरून आणि तिरकी अशी चित्रं झाली आणि मी गाऊन सारखा केला.

किरणांची भीती माझ्याही मनात होती. एका चित्रामागे ठरावीक जाडीच्या स्तनाला ३ मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप) जास्त मात्रा जाऊ नये, अशी एफडीएची मर्यादा आहे, आणि ती थ्रीडीलाही लागू आहे. सुरुवातीच्या काळात साधं आणि थ्रीडी असं दोन्ही वेगवेगळं घेत, तेव्हा एकूण मात्रा सुमारे दुप्पट व्हायची. आता बऱ्याच यंत्रांत थ्रीडीच्या कापांवरूनच संगणक साधं चित्र तयार करतो, त्यामुळे ते वेगळं काढावं लागत नाही. साध्या मॅमोग्राफीतून शरीराला मिळणारी मात्रा ही निसर्गातून आपल्याला दोनेक महिन्यांत मिळणाऱ्या मात्रेच्या आसपास असते. माझ्यासारखीला, घरात हा आजार होऊन गेलेला असताना, हा व्यवहार पटण्यासारखा होता.

यानंतरचा भाग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला आणि ह्यांना आत बोलावलं आणि पडद्यासमोर बसवलं. दोन मोठे पडदे, अंधारी खोली. साताऱ्याच्या फिल्म त्यांनी आधीच प्रकाशपेटीवर लावल्या होत्या.

“आधी डावी बाजू बघू. ही तुमची शंकेची जागा.” त्यांनी माऊसचं चाक फिरवलं. काप एकामागून एक सरकू लागले, त्वचेपासून आत, आत, पलीकडच्या त्वचेपर्यंत. पांढुरक्या भागाच्या जागी एका कापात एक तंतू दिसला आणि गेला, बऱ्याच खालच्या कापात ग्रंथींचा एक पुंजका दिसला आणि गेला. दोघांमध्ये नुसती चरबी. “हे दोन वेगवेगळ्या मजल्यांवरचे आहेत. साध्या चित्रात एकावर एक पडले होते. इथे काही नाही.” ह्यांनी माझा हात धरला.

“आता उजवी.” उजव्या बाजूबद्दल साताऱ्याच्या रिपोर्टमध्ये काही नव्हतं, आणि साध्या चित्रात मला आजही तिथे काही दिसत नाही. पण काप सरकता सरकता त्या एका जागी थांबल्या. एक काप मागे, दोन पुढे, परत तिथेच. तंतूंच्या रेषा, ज्या सगळीकडे स्तनाग्राकडे वाहताना दिसत होत्या, त्या इथे चारही बाजूंनी एका बिंदूकडे ओढल्यासारख्या झाल्या होत्या. मधे गाठ अशी नव्हतीच. चार-पाच कापांत ते स्पष्ट दिसत होतं, त्याच्या वर-खाली विरून जात होतं. “याला आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन म्हणतात. रचना बिघडलेली दिसते. कॅन्सर असू शकतो. शस्त्रक्रियेचा जुना व्रण असू शकतो, पण तुमची तिथे शस्त्रक्रिया झालेली नाही. किंवा रेडियल स्कार नावाची निरुपद्रवी गोष्ट असू शकते. चित्रावरून या तिन्हींत फरक करता येत नाही. मी ४ बी लिहिते आहे, आणि सुईने तुकडे घेऊन तपासावं लागेल.”

ज्या बाजूसाठी आलो ती सुटली आणि जिच्याबद्दल प्रश्नच नव्हता ती अडकली. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगण्यासारखं फार नाही, कान गच्च झाले एवढं आठवतं. पण नंतर विचार करताना लक्षात आलं की थ्रीडीचे दोन्ही गुण त्या दहा मिनिटांत माझ्याच अंगावर दिसले होते. २०१४ साली अमेरिकेतल्या १३ केंद्रांनी साडेचार लाखांहून अधिक तपासण्यांची तुलना प्रसिद्ध केली. नुसत्या साध्या मॅमोग्राफीत दर हजारी १०७ जणींना पुन्हा बोलवावं लागत होतं, थ्रीडी जोडल्यावर ९१. आणि सापडणारे कॅन्सर हजारी ४.२ वरून ५.४ झाले. ऑस्लोच्या अभ्यासात, २०१३ साली, हजारी ६.१ वरून ८ असा फरक दिसला होता. म्हणजे खोट्या शंका कमी आणि खऱ्या गोष्टी जास्त. यामुळे पुढच्या टप्प्यातले, धोकादायक कॅन्सर किती कमी होतात, याचं पक्कं उत्तर मिळवण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात २०१७ पासून टीमिस्ट नावाची मोठी चाचणी सुरू झाली. तोवर डॉक्टरांनी ‘जीव वाचवणारं यंत्र’ अशी जाहिरात करू नये, असं माझं मत आहे.

सुई घालण्याआधी उजव्या बाजूची सोनोग्राफी झाली. जागा सोनोग्राफीत दिसली तर सुई तिच्याच मदतीने घालता येते. ते सोपं पडतं, दाबावंही लागत नाही. बराच वेळ शोधूनही ती जागा सोनोग्राफीत सापडली नाही. डिस्टॉर्शनच्या बाबतीत हे पुष्कळदा होतं म्हणे. मग जे यंत्र ती जागा दाखवतं त्याच यंत्राखाली सुई घालायची, असं ठरलं.

“एमआरआय करून चालणार नाही का?” मी विचारलं, कारण माझी मावसबहीण दरवर्षी एमआरआय करते. मावशीचा बीआरसीए-१ या जनुकातला, स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष तिच्यात उतरला आहे. माझ्या आईची तीच चाचणी झाली आणि तिच्यात तो दोष नाही, म्हणून तो माझ्यापर्यंत येण्याचा प्रश्न उरला नाही. बहिणीचा एमआरआय ही निराळीच गोष्ट आहे. पालथं झोपायचं, स्तन खालच्या दोन पोकळ्यांत सोडायचे, हातातून गॅडोलिनियमचं इंजेक्शन, आणि कानठळ्या बसवणारा आवाज. दाबणं नाही, क्ष-किरण नाहीत. पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान करतात, नाहीतर हार्मोनमुळे साधं ऊतकही उजळून येतं. नव्या रक्तवाहिन्यांतून पाझरणारं ते औषध गाठीला उजळ करतं, त्यामुळे घनतेचा अडथळा तिथे फारसा येत नाही. अतिघन म्हणजे ‘डी’ गटातल्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या डेन्स चाचणीत (२०१९) जादा एमआरआयसाठी बोलावलेल्या गटात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कॅन्सर हजारी ५ वरून २.५ वर आले. ‘डी’ गटात थ्रीडी मॅमोग्राफीचा फायदा तेवढा दिसत नाही. कारण तंतूंच्या मधे चरबीच नसेल तर काप कितीही पातळ केले तरी पांढऱ्याशेजारी पांढरंच. बाईंनी मला सांगितलं, “तुमच्या बाबतीत जागा थ्रीडीत स्वच्छ दिसते आहे. एमआरआय कोरा आला तरी मी सुई टाळणार नाही. मग तो खर्च कशाला?” हे पटलं.

खर्चाबद्दल एवढंच सांगते. आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीतल्या तपासण्या बसत नव्हत्या. व्हॅक्यूम बायोप्सीची, म्हणजे पोकळीच्या ओढीने तुकडे घेण्याची, सुई एकदाच वापरायची असते आणि तीच महाग असते. आधी नीट विचारून घ्यावं.

बायोप्सीच्या दिवशी मला कुशीवर झोपवलं आणि तसंच दाबलं, फक्त या वेळी वरच्या प्लेटला चौकोनी खिडकी होती. थ्रीडी चित्र काढलं. डिस्टॉर्शन सर्वांत स्पष्ट कोणत्या कापात दिसतं ते बाईंनी पाहिलं, त्यावर खूण केली. कापाचा क्रमांक म्हणजेच खोली, त्यामुळे सुई किती आत जायला हवी हे यंत्राला थेट कळतं. भूल देणारं इंजेक्शन चांगलंच झोंबलं. त्यानंतर ओढल्यासारखं जाणवलं, दुखलं नाही. त्वचेला बारीक छेद, सुई आत, जागा बरोबर आहे का याचं पुन्हा चित्र, मग पंपाची घरघर. सुईच्या बाजूला एक फट असते. पोकळीच्या ओढीने ऊतक त्या फटीत येतं आणि आतलं पातं ते कापतं. फट घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत सगळ्या दिशांचे तुकडे घेतात. शेवटी त्या जागेवर तिळाहूनही लहान टायटॅनियमची खूण सोडली, म्हणजे पुढे कधीही ती जागा ओळखता येईल. सगळ्यांत अवघड गेलं ते न हलता पडून राहणं. मान अवघडली होती. एक सिस्टरताई पूर्ण वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती, “झालं ताई, झालंच बघा” म्हणत. नंतर बराच वेळ दाबून धरलं, पट्टी लावली, बर्फ दिला. टाका नव्हता. निळंकाळं मात्र बरंच दिवस राहिलं आणि बाजू बदलत पिवळं होत गेलं. त्याची कल्पना आधी दिली होती म्हणून घाबरले नाही.

रिपोर्टला वेळ लागला, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी तुकड्यांना दिलेल्या नेहमीच्या रंगावर पॅथॉलॉजिस्टचं समाधान झालं नाही. रेडियल स्कारमध्ये मधे तंतूंचा गाभा असतो आणि त्यात अडकलेल्या बारीक नलिका. ट्यूब्युलर कार्सिनोमा नावाचा एक मंद कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ तसाच दिसतो. फरक असा की निरुपद्रवी नलिकांभोवती मायोएपिथेलियल पेशींचा एक थर शाबूत असतो आणि कॅन्सरमध्ये तो नसतो. तो थर पाहायला वेगळे रंग द्यावे लागतात. माझ्यात थर शाबूत होता. ‘रेडियल स्कार, अटिपिया नाही.’ अटिपिया म्हणजे पेशींचं रूप बिघडलेलं असणं.

नाव स्कार असलं तरी हा मार लागल्याचा किंवा शस्त्रक्रियेचा व्रण नाही. तो आपोआप तयार होतो आणि पुष्कळ बायकांमध्ये कधी कळतही नाही. तो असलेल्यांना पुढे कॅन्सरचा धोका किंचित जास्त असतो असं मानतात. काही ठिकाणी असा स्कार सगळाच काढून टाकतात. माझ्या बाबतीत रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन यांनी एकत्र बसून ठरवलं की जागा लहान होती, तुकडे भरपूर घेतले गेले, चित्रात दिसलं त्याचं आणि सूक्ष्मदर्शकात दिसलं त्याचं जुळतं, तेव्हा शस्त्रक्रिया नको. सहा महिन्यांनी थ्रीडी, मग दरवर्षी.

हा सगळा खटाटोप फुकट गेला का, असं मला जवळच्या माणसांनीही विचारलं. मी तसं मानत नाही. थ्रीडीमुळे डिस्टॉर्शन जास्त सापडतात, त्यांतले कित्येक रेडियल स्कार निघतात, काही छोटे कॅन्सर निघतात, आणि सुईशिवाय ते वेगळे करता येत नाहीत. मावशीच्या आजाराची सुरुवात अशाच एखाद्या ओढलेल्या रेषेने झाली असेल का, हे मला कधीच कळणार नाही. माझं मागणं एवढंच आहे की थ्रीडीची चिठ्ठी देतानाच बाईला सांगावं: यातून सुईपर्यंत जावं लागू शकतं, आणि सुई म्हणजे कॅन्सर नव्हे. बाहेर वाट पाहणाऱ्या कितीतरी जणी ‘बायोप्सी’ ऐकल्याबरोबर मनाने शेवटापर्यंत जाऊन पोचलेल्या मी पाहिल्या.

शाळेत मुलींच्या आया भेटतात तेव्हा मी थ्रीडीबद्दल बोलत नाही. त्यांच्यासाठी त्याच्या आधीची गोष्ट, हाताने केलेली तपासणी, महत्त्वाची आहे. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या स्त्रियांची, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले: या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी सांगितली आहे. आमच्या भागातल्या आशाताईंना बरोबर घेऊन मी पालक सभेनंतर आयांना थांबवून घेते आणि उपकेंद्रात तपासणी कधी असते ते सांगते. काही जणी लाजतात. पुढच्या वेळी येतात.

सहा महिन्यांनंतरच्या चित्रात टायटॅनियमची खूण जागेवर होती आणि रेषा तशाच होत्या, वाढ नव्हती. बाईंनी जुने आणि नवे काप शेजारी लावून दाखवले. त्यासाठी आधीची सीडी नेणं फार उपयोगी पडलं, नुसत्या छापील रिपोर्टवर ही तुलना होत नाही.

माझं ऐकून आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या बाई, वय ५६, तपासणीला गेल्या. त्यांनाही थ्रीडीच करायची होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांची साधी मॅमोग्राफी केली, घनता ‘ए’ आली, शेरा १. चित्र काळंभोर आणि स्वच्छ होतं. “तुम्हाला पुण्याला जायची गरज नाही,” असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्या दुपारपर्यंत शाळेत परत आल्या.